परत आल्याची पोच

पौषातल्या म्हसा गावच्या जत्रेतला बुधवार. शिष्यवृत्ती देणाऱ्या कार्यालयाने एका रिकाम्या घराच्या भिंतीवर नोटीस डकवली. जबाबदार: ती डकवणारा शिपाई, आणि त्याला पंचांशिवाय पाठवणारा अधिकारी.

माघातला दुसरा शुक्रवार. परदेशातले शिक्षण पूर्ण करून त्या घरची मुलगी मायदेशी परतली. जबाबदार: कोणी नाही. हे तिने स्वखुशीने केले.

त्यानंतरचा सोमवार. ‘मी आले आहे, नोंद करा,’ असे सांगायला ती ग्रामपंचायतीत गेली आणि हसे पदरी घेऊन परतली. जबाबदार: ग्रामसेवक.

होळी पौर्णिमा. नोटिशीतली मुदत संपली. जबाबदार: मुदत कोणाला कळली आहे का, हे न तपासता ती मोजणारे सर्व.

चैत्रातला तिसरा मंगळवार. एक कागद पुरावा म्हणून कार्यालयाच्या टेबलावर ठेवण्यात आला आणि तिचे उरलेसुरले प्रकरण त्याच टेबलावर संपले. जबाबदार: मी.

अक्षय्य तृतीयेचा आदला दिवस. नोकरीसाठी मूळ कागदपत्रांची पडताळणी झाली. ती तिथे हजर होती, तिची कागदपत्रे नव्हती. जबाबदार: वरील सर्व, एकत्रितपणे आणि प्रत्येकी.

मी दिवाणी न्यायालयात बेलिफ होतो. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतल्या किती दारांवर मी समन्स घेऊन उभा राहिलो असेन, याची गणती नाही. निवृत्तीनंतर मी पत्रे लिहितो. कार्यालयाचे, ग्रामपंचायतीचे आणि तिचे नाव माझ्या पत्रांत आहे. येथे घेत नाही. येथे मला ती कशी होती, एवढेच सांगायचे आहे, कारण पत्रात ‘अर्जदार’ या शब्दाखेरीज माणसाला जागा नसते.

ती माझी भाडेकरू होती. शहापुरात माझ्या घराच्या मागे एक खोली आहे. तिची वाडी किन्हवलीच्या वर डोंगरात. महसुलाने मुरबाडची, वाटेने शहापूरची. शनिवारी-रविवारी ती वाडीवर जायची आणि बाकीचे दिवस कचेऱ्यांसाठी शहापुरात राहायची. खोली पाहायला आली तेव्हा बरोबर वडील होते. ठाकूर समाजातला तो अबोल, उन्हाने रापलेला माणूस दाराबाहेरच उभा राहिला होता. मी म्हणालो, “करारबिरार कशाला, मुलीसारखी राहा.” ती म्हणाली, “मुलीसारखी राहीन काका, पण करार करू या.” मग तिने माझा छापील नमुना शब्द न् शब्द वाचला आणि शेवटी स्वतःच्या अक्षरात एक कलम घातले: घरमालक खोलीत येण्यापूर्वी दार वाजवतील आणि उत्तराची वाट पाहतील.

हयातभर लोकांची दारे वाजवलेल्या माणसाला हे कलम! मला राग आला. सही करताना मात्र वाटले की आजवर मी इतकी दारे वाजवली, पण उत्तराची वाट पाहायची अट मला कोणी घातली नव्हती.

ती ऑस्ट्रियात शिकली. विषय झऱ्यांचा: डोंगरातले पाणी कुठे मुरते, कुठून निघते, किती दिवसांनी निघते. माझ्या मागच्या खिडकीत काचेच्या बाटल्यांची रांग असे आणि प्रत्येकीवर वाडीचे नाव, वार आणि वेळ. एकदा आमच्या स्वयंपाकघरात तिने पाण्याचा घोट घेतला, क्षणभर तोंडात धरला आणि माझ्या पत्नीला म्हणाली, “काकू, टाकी दोन महिने धुतली नाहीये.” पत्नी आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. टाकी मात्र त्याच दिवशी धुतली गेली.

तिच्या सवयी पाहून लोक हसत. भाजीवाल्यापुढे ती दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मागे हातभर अंतर सोडून उभी राही, आणि ते अंतर म्हणजे रिकामी जागा समजून चार बायका मध्ये शिरत. एसटी स्टँडवर ती उतरणाऱ्यांना आधी उतरू देई. उतरणारे संपेपर्यंत चढणारे बसून घेत आणि किन्हवलीची गाडी तिच्या डोळ्यांदेखत निघून जाई. हे एकाच दिवशी दोनदा झालेले मी स्वतः पाहिले आहे. तिसऱ्या गाडीचा वाहक दारातून ओरडला, “ओ मॅडम, मुहूर्त काढलाय काय? चढा की!”

“उतरणारे आहेत अजून,” ती म्हणाली.

“ते उतरतील न् परत चढतील, तुमी तितंच! फॉरेनला गाड्या तुमच्यासाठी थांबायच्या काय?”

“हो,” ती म्हणाली. तिने खरे तेच सांगितले होते. अख्खी गाडी हसली. ती चढली, मागच्या खांबाला धरून उभी राहिली, आणि माझ्याकडे पाहून तिने खांदे उडवले. अपमान झाला की ती एवढेच करी.

पण तिची सगळ्यांत मोठी तऱ्हा होती ती नोंदीची. ती ज्या गावात शिकली तिथे बाहेरून राहायला येणाऱ्याने तीन दिवसांत नगरपालिकेत जाऊन ‘मी आलो’ असे सांगायचे असते. कारकून एक चिठ्ठी देतो. त्या चिठ्ठीवर बँकेत खाते निघते, ग्रंथालय उघडते, दवाखाना मिळतो. गाव सोडताना ‘मी चाललो’ असेही सांगून यायचे. “काका, त्या गावात मला कोणी ओळखत नव्हतं,” ती म्हणायची, “पण मी आले आहे हे पहिल्या तीन दिवसांत गावाला ठाऊक होतं.” तिचे एक वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे झाले होते: आधी नोंद, मग चहा. कोणाकडेही गेली तरी कामाचे बोलून, लिहून घेऊन झाल्याशिवाय ती कपाला हात लावत नसे.

म्हणून परतल्यानंतरच्या सोमवारी ती आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन उभी राहिली. पुढचे तिने मला जसे सांगितले तसे लिहितो.

“मी आले आहे,” ती म्हणाली.

ग्रामसेवकाने मान वर केली. “आलात ना? बरं झालं. बसा.”

“नोंद करायची होती.”

“कसली?”

“आल्याची.”

ग्रामसेवकाने टेबलाशी बसलेल्या सदस्याकडे पाहिले. सदस्य म्हणाला, “जन्माची होते, मरनाची होते. आल्याची कंदी ऐकली नाय बा.” सगळे हसले. कोणीतरी चहा मागवला. तिने तो घेतला नाही.

यात हसण्यासारखे काय होते, हे मला आजही कोणी सांगावे. शिष्यवृत्तीच्या करारातच अट होती की विद्यार्थ्याने शिक्षण संपल्यावर मायदेशी परत यावे आणि ‘स्थानिक प्राधिकाऱ्याच्या नोंदीसह’ कार्यालयात हजर व्हावे. तोवर त्याची मूळ कागदपत्रे, म्हणजे दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी आणि जातवैधतेचे प्रमाणपत्र, तारण म्हणून कार्यालयाच्या ताब्यात. तिने ती अट वाचली होती. जिथे पोहोचलो तिथल्या पंचायतीत आधी नोंद, मग पुढचे कार्यालय, हा क्रम तिला सरळ वाटला. आपल्याकडे उलट करायचे असते: आधी वरच्या कार्यालयात ओळखीच्या माणसाला भेटायचे, मग खालचा कागद मागाहून कसाही तयार होतो. हे तिला कोणी शिकवले नव्हते आणि जिथे शिकली तिथे हा विषय नव्हता.

ती दर मंगळवारी ग्रामपंचायतीत जाऊ लागली. ‘नमुना नाही.’ ‘नमुना मागवतो.’ ‘साहेब सभेला गेलेत.’ ‘होळीनंतर या.’ प्रत्येक खेप ती वहीत लिही: वार, वेळ, कोण भेटले, काय म्हणाले. घाई करायचे तिला कारण नव्हते, कारण मुदत आहे हेच तिला माहीत नव्हते. दरम्यान तिची निवड झाली. जिल्ह्यातल्या पाणीयोजनांसाठी झरे शोधणाऱ्या पथकात जागा होती, आणि पथकाच्या कामाच्या यादीत तिची स्वतःची वाडी होती. तिथल्या बायका चैत्रापासून दोन डोंगर ओलांडून पाणी आणतात. ते पाणी वाडीच्या अंगणात आणता येईल असा तिचा हिशेब तयार होता. नकाशा माझ्या भिंतीला चार टाचण्यांनी लावलेला होता. आता फक्त मूळ कागदपत्रे दाखवायची होती. होळीनंतर, पंचायतीची नोंद मिळत नाही असे पाहून, ती अखेर नोंदीविनाच शिष्यवृत्तीच्या कार्यालयात गेली. मी सोबत गेलो.

खिडकीमागच्या बाईंनी संगणकावर पाहिले आणि म्हणाल्या, “तुम्ही परत आलेल्या नाहीत.”

“मी तुमच्यासमोर उभी आहे.”

“ते दिसतंय मला. नोंदीत ‘न परतलेले’ असं आहे. मुदतीत हजर नाही झालात. नोटीस बजावली होती.”

“मला नोटीस मिळालेली नाही.”

“घरावर डकवली आहे. अहवाल आहे.”

तिने पासपोर्ट काढून परत आल्याचा शिक्का दाखवला. बाई म्हणाल्या, “हा विमानतळाचा. आमचा नाही.” मी आवाज चढवला. तिने माझ्या बाहीला धरले. मग ती खिडकीतून आत, बाईंच्या खांद्यावरून पलीकडे पाहत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, “निळं कपाट आहे ना काका, वरून दुसरा कप्पा. माझी दहावीची गुणपत्रिका तिथं आहे. ठेवताना मी पाहिलं होतं.” त्या दिवसापासून तिला झोप नीट लागेना. पहाटे चारला मागच्या खोलीत बाटल्या सरकवल्याचा आवाज येई. पत्नी मला म्हणे, “जा की, विचारा काय होतंय.” मी दाराशी जाई, आणि कलम आठवून परत फिरे. चूक होती ती. वाजवायला कलमाची ना नव्हती.

डकवून केलेली बजावणी हा माझा प्रांत. माणूस सापडत नसेल तर त्याच्या राहत्या घराच्या दर्शनी भागावर नोटीस लावतात. पण शेजारचे दोन पंच बोलवायचे, त्यांच्या सह्या-अंगठे घ्यायचे, अहवालात त्यांची नावे लिहायची. माझ्या नोकरीत या एका गोष्टीत मी कधी आळस केला नाही. मी अर्ज करून शिपायाच्या अहवालाची नक्कल काढली; पंचांची जागा कोरी होती आणि वार बुधवार होता. म्हशाच्या जत्रेतला बुधवार! त्या दिवसांत वाडीवर कुत्र्याखेरीज कोण असते? बैल बघायला, घोंगडी घ्यायला सारी वाडी म्हशाला गेलेली. मला वाटले, धागा सापडला. मी तिला म्हणालो, “चल वाडीवर. नोटीस कुठे लावली ते पाहू.”

तिची आई अंगणात मोहाची फुले वाळत घालीत होती. बाई ठेंगणी, काटक, आणि बोलायला लेकीपेक्षा पुष्कळ मोकळी. मी विचारले, “बाई, जत्रेच्या वेळी भिंतीवर एखादा सरकारी कागद होता का?”

“व्हता की,” ती म्हणाली. “म्हशावरनं आलो तं दाराच्या बाजूला डकवलेला. आमाला वाचता कुठं येतं? पन शिक्का दिसला. म्हटलं सरकारी हाय, जपाया होवा.”

“मग कुठे आहे?”

तिने कुडाच्या भिंतीवर तळहात ठेवला. “हितं.”

 तिथे नुसती सारवलेली, कोरडी, नितळ भिंत होती.

“पोरगी येनार म्हनून समदं घर लिपलं,” आई सांगू लागली. “कागुद काढला असता तं फाटला असता. उघडा ठेवला असता तं वाळवी लागली असती. बियानं आमी कनगीत घालून वरनं शेनानं लिपतो, किडा लागत नाय, वरीसभर ऱ्हातं. तसाच कागुद बी लिपून ठेवला. पोरगी आली का सांगू म्हटलं, मंग इसरले. येवढी दोन वर्सांनी आली, कागुद कोनाला आठवतो गो?”

आणि मग आमचे चेहरे पाहून तिचा आवाज बदलला. “काय झालं? माझ्यामुलं पोरीचं काय गेलं का?”

हा प्रश्न तिने मला विचारला होता. मी कायद्याचा माणूस. मला उत्तर येत होते आणि ते देववेना. मुलगी पुढे झाली. आईशी ती घरच्या बोलीत बोले, आणि त्या बोलीत तिला कोणी परदेशी म्हटले नसते. “नाय गो आये. तू फाडला नाय ना? मंग बरं केलंस. दुसऱ्या कोनी चुलीत घातला असता.” तिने तांब्याभर पाणी आणले, भिंत ओली केली आणि नखांनी हळूहळू पापुद्रा सोडवू लागली. अर्धा तास लागला. कागद अखंड निघाला. पिवळा पडलेला, शेणामातीचा वास येणारा, पण अक्षर न् अक्षर शाबूत. तिने तो गुडघ्यावर ठेवून पुरता वाचला: होळी पौर्णिमेपर्यंत कार्यालयात हजर व्हावे, नाहीतर ‘न परतलेले’ अशी नोंद होईल. मग पेन काढले, कोपऱ्यात लिहिले: ‘आज मिळाली’, पुढे वार आणि वेळ, आणि सही केली. आई तिच्या तोंडाकडे पाहत होती. नोटीस मिळाल्यावर इतकी शांत झालेली व्यक्ती मी माझ्या नोकरीत पाहिली नव्हती. परतीच्या वाटेवर मात्र, किन्हवली येईपर्यंत, तिने तो कागद आणखी तीनदा उघडून वाचला.

तो कागद कार्यालयात सादर करण्याचा आग्रह माझा. ती म्हणाली होती, “काका, नको. ही घरातली गोष्ट आहे.” मी ऐकले नाही. मी पाच पानांचे निवेदन लिहिले: पंच नाहीत, वाडी रिकामी होती, कागद भिंतीत गेला, सबब अर्जदारास ज्ञान नव्हते. मूळ पुराव्याइतके बळकट काही नसते, असे मला नोकरीने शिकवले होते. चैत्रातल्या त्या मंगळवारी मी निवेदनासह तो कागद अधिकाऱ्यापुढे ठेवला. अधिकाऱ्याने तो उलटसुलट पाहिला, वास आला म्हणून जरा लांब धरला, आणि निवेदन न वाचता म्हणाला, “म्हणजे नोटीस घरी पोहोचली होती. घरच्यांनी ताब्यात घेतली होती. आतापर्यंत आमच्याकडे फक्त शिपायाचा अहवाल होता. बजावणी तुम्हीच सिद्ध केलीत.” त्याने कागद फाइलला लावला.

मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. जिन्यात ती म्हणाली, “तुम्ही बरोबरच केलं. ते चुकीचं वागले.” हे वाक्य मला मान्य नाही. मी तिला विचारून केले नाही, हे चुकीचे होते. तिच्या खोलीचे दार वाजवून थांबणारा मी, तिच्या प्रकरणात मात्र सरळ आत शिरलो होतो.

पडताळणीच्या दिवशी ती छायाप्रतींचा गठ्ठा घेऊन रांगेत उभी राहिली, हातभर अंतर सोडून. ‘मूळ प्रती आणा’ एवढेच उत्तर मिळाले. पंधरवड्याने यादीतल्या पुढच्या नावाला जागा गेली. पथक तिच्या वाडीवर आले, तिच्या नकाशात नसलेल्या जागी, पायवाटेच्या वरच्या अंगाला दोन खड्डे खणून गेले. ते कोरडे निघाले. ती खड्ड्यांशी वाकून आत पाहत होती, असे तिच्या वडिलांनी मला सांगितले. तो माणूस आपणहून माझ्याशी बोलला, तो तेवढाच.

तिकडच्या प्राध्यापकांचे बोलावणे पहिल्यापासून होते. तिने ते दोनदा नाकारले होते. तिसऱ्यांदा स्वीकारले. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने भिंतीवरचा नकाशा काढला, टाचण्या मोजून माझ्या हातात दिल्या, खोली झाडली, आणि मग शिस्तीप्रमाणे ग्रामपंचायतीत अर्ज घेऊन गेली: मी हे गाव सोडून जात आहे, कृपया नोंद व्हावी. यावेळीही मी सोबत होतो. तोच ग्रामसेवक, तेच टेबल. त्याने अर्ज वाचला, “हां, हे बरं केलंत, रेशनकार्डावरनं नाव कमी करायला उपयोगी पडेल,” असे म्हणाला, खण उघडला, गोल शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि पोच तिच्या हातात दिली. सगळे मिळून दोन मिनिटे लागली असतील. मग त्याने चहा विचारला. नोंद झालेली होती. तिने कप उचलला आणि सगळा चहा प्यायली.

त्यानंतर मी ग्रामपंचायतीला चार आणि कार्यालयाला अकरा पत्रे लिहिली आहेत. कार्यालयाकडून एकच उत्तर आले: ‘संबंधित विद्यार्थिनी परदेशी असल्याचे दिसून येते.’ मूळ कागदपत्रे आजही त्यांच्याच ताब्यात आहेत. तिचा तिथला करार ठरावीक मुदतीचा आहे. तो संपला की ती येणार आहे. आईला तिने फोनवर तसे सांगितले आहे. मागच्या रविवारी मी वाडीवर गेलो तेव्हा आईने मला विचारले, “भाऊ, आता ती येईल तवा आमी कोनाला सांगायचं? ती यायच्या आधी सांगू का आल्यावर? ती आली असं कोन म्हनंल?” तिला पुन्हा चूक करायची नव्हती. ती माझ्या उत्तराची वाट पाहत उभी राहिली, आणि कागद-पेन घेऊन बसूनही मला एक ओळसुद्धा लिहिता आली नाही.

म्हणून हे आता पत्र नाही. येत्या प्रजासत्ताक दिनी त्या वाडीच्या ग्रामसभेत त्या कार्यालयाच्या अधिकाऱ्याने आणि ग्रामसेवकाने स्वतः उपस्थित राहावे. मी तिथे असेन. त्यांनी तिच्या आईच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे द्यावीत: कोणाला सांगायचे, कधी सांगायचे, आणि ती आली असे कोण म्हणेल. टपाल नको, परिपत्रक नको, माझ्या नावे तर मुळीच नको. ती बाई वाचत नाही. उभे राहावे, तिच्याकडे तोंड करावे आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे.